फोटो वाटता कामा नये

शेकरू काढायला घेतलं की माझं गाडं शेपटीपाशी अडतं. धडापेक्षा लांब, झुबकेदार, फांदीवरून सरळ खाली सोडलेली. जनावराच्या मानाने ती इतकी मोठी दिसते की हात आपोआप आखूड करायला बघतो. आखूड केली की संपलंच. मग एक धष्टपुष्ट खार उरते, शेकरू राहत नाही. रंगाची रड वेगळी. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ गडद तांबूस, पोट मळकट सायीचं, शेपटीचं टोक फिकट. अंगावर काळा रंग नाही. दक्षिणेकडे केरळच्या जंगलांत गेलात तर खांद्यावर, कमरेवर, शेपटीवर काळा येतो. आणि इंटरनेटवर शोधलंत तर तिसरंच काहीतरी मिळतं: पाठ जांभळी, शेपूट निळी-नारिंगी, खाली कौतुकाचा पूर. कुणीतरी सॅच्युरेशनचा, म्हणजे रंग भडक करण्याचा, काटा उजवीकडे ढकलला, एवढीच त्यामागची किमया. आपल्या राज्यप्राण्याची जगात झालेली ओळख ही अशी, इंद्रधनुषी. खरं शेकरू दाखवलं तर लोक विचारतात, रंग उडालाय का?

मी प्राण्यांची चित्रं काढते, स्क्रीनवर. कुठल्या स्टुडिओत नोकरी नाही, कुठल्या गॅलरीशी करार नाही. त्यामुळे काय काढायचं, कुणाला फुकट द्यायचं आणि कुणाकडून पैसे घ्यायचे, हे सगळं माझं मीच ठरवते. ठरवताना एकच कसोटी लावते. त्या जनावराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला चित्र बघताक्षणी ओळख पटली पाहिजे, आणि कुणालाही ते फोटो वाटता कामा नये. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोन्ही टोकं एकमेकांना ओढत असतात.

हत्यारांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बिनस्क्रीनचा साधा पेन टॅबलेट आहे, हात टेबलावर आणि नजर समोर मॉनिटरवर. पहिले काही महिने आपल्याच हाताला आपण परके वाटतो, मग सवय होते. सॉफ्टवेअर क्रिता, फुकट मिळतं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतं. महागडं यंत्र घेतलं की चित्र सुधारतं असं मला तरी दिसलेलं नाही. मात्र डिजिटलच्या बाजूने एक गोष्ट मी आवर्जून सांगते. आपल्याकडे वर्षानुवर्षं चांगला ब्रश म्हणजे मुंगसाच्या केसांचा ब्रश. हे केस काही भादरून घेतलेले नसतात, त्यासाठी मुंगूस मारावं लागतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार गुन्हा ठरवला. २०२२च्या दुरुस्तीनंतर मुंगूस पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तरी छापे पडतात आणि ब्रश सापडतात. प्राण्याचं चित्र काढायला प्राणी मारायचा, हा विनोद आता तरी थांबायला हवा. सिंथेटिक ब्रश चांगले निघालेत, आणि माझ्या पेनाच्या टोकाला तर नुसतं प्लास्टिक.

डिजिटलचे सापळे मात्र गोडीगुलाबीने अडकवतात. पहिला सापळा झूमचा. चारशे टक्क्यांवर गेलात की एकेक केस काढता येतो, आणि मग काढलाच जातो. संध्याकाळभर बिबट्याच्या एका कानाचे केस काढून झाल्यावर चित्र पूर्ण आकाराला आणून बघावं, तर बिबट्या बसलाय की पडलाय तेच कळत नाही. दुसरा सापळा सिमेट्रीचा. एक बटण दाबलं की डाव्या बाजूला काढलेली रेघ उजवीकडेही उमटते. चेहरे, फुलपाखरं, कासवं झटपट होतात. यात कासवंच सगळ्यात जास्त फसतात. आपल्या किनाऱ्यावर, वेळासला किंवा हरिहरेश्वरला, अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले. त्याच्या पाठीवरच्या कवचात मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना असतात ते मोठे तुकडे मोजा. हिरव्या कासवाला बाजूला चार-चार असतात, ठरलेले. रिडलेला त्याहून जास्त असतात, आणि गंमत म्हणजे कित्येकदा दोन्ही बाजूंना सारखे नसतात: इकडे सहा तर तिकडे सात. निसर्गाने केलेली ही बेशिस्त सिमेट्रीचं बटण एका झटक्यात इस्त्री करून टाकतं. वेळासमध्ये २००२पासून सह्याद्री निसर्ग मित्रच्या कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. तिथल्या माणसाला असं गुळगुळीत कासव दाखवलं तर तो सभ्यपणे ‘छान आहे’ म्हणतो आणि विषय बदलतो. म्हणून रिडले काढताना मी ते बटण बंद ठेवते आणि तुकडे एकेक करून काढते.

माझी सर्वांत जास्त फिरणारी चित्रं आहेत अंगठ्याएवढी: व्हॉट्सअ‍ॅपची स्टिकरं. २०१८च्या अखेरीस ही सोय आली आणि घराघरांतल्या ग्रुपांवरच्या गुलाबफुलांना जरा स्पर्धा झाली. मोजमाप कडक आहे: ५१२ बाय ५१२ पिक्सेल, आणि फाईल शंभर केबीच्या आत. एवढ्या जागेत केसबिस काही टिकत नाही. टिकतो तो बाह्याकार, डोळा आणि ढब. मला वाटतं माझं खरं शिक्षण या चौकोनात झालं. शंभर केबीत पिंगळा बसवायचा तर आधी ठरवावं लागतं की पिंगळा म्हणजे नक्की काय. पांढऱ्या भुवया? पिवळे डोळे? माझं उत्तर: संशय आला की वर-खाली डुलणारी ती मान. म्हणून माझ्या पिंगळ्याची मान अर्धी खाली गेलेली आहे आणि त्याच्याखाली लिहिलंय, ‘असं म्हणतोस?’

स्टिकरांसाठी मी एक पथ्य पाळते. जनावराकडून माणसाचे हावभाव करून घ्यायचे नाहीत. अंगठा वर केलेला वाघ नाही, हात जोडलेला हत्ती नाही, गॉगल लावलेलं माकड तर नाहीच नाही. जनावर स्वतः जे करतं त्यातूनच मजकूर निघाला पाहिजे. शेकरू घाबरलं की पळत सुटण्याऐवजी फांदीला चपटं चिकटून निपचित राहतं. ते स्टिकर मी ‘मी ग्रुपवर नाहीये’ म्हणून केलं. वर्गणीचा विषय निघाला की ते हमखास येतं. टिटवीचं आहे ‘पाहुणे आलेऽऽ’, कारण टिटवीइतकी कर्कश आणि तत्पर दवंडी दुसरं कुणी पिटत नाही. डबक्यात नाकापर्यंत बुडालेली म्हैस म्हणजे रविवार. आणि वाळूवरून समुद्राकडे निघालेलं काळपट रिडलेचं पिल्लू: ‘पोचलं की कळव.’ हे माझ्या आत्याने तिच्या मुलाला, तो बंगळूरला निघाला तेव्हा पाठवलं. त्याला त्या पिल्लाबद्दल काही माहीत नव्हतं, त्याने विचारलं, आणि आत्याने त्याला वेळासची गोष्ट सांगितली. आत्याला ती गोष्ट माहीत होती हे मला तेव्हाच कळलं.

पोटापाण्याचा मोठा भाग मात्र पाळीव प्राण्यांच्या चित्रांचा. कुत्री, मांजरं, क्वचित पोपट, आणि बहुतेक वेळा गेलेले. त्यांचे फोटो हमखास वाईट असतात, कारण जिवंतपणी कुणी मुद्दाम काढलेलेच नसतात. सोफ्याच्या कडेला अर्धी शेपूट, वाढदिवसाच्या केकमागे एक कान. अशा वेळी मी फोटोपेक्षा प्रश्नांवर भिस्त ठेवते. झोपताना कुठल्या कुशीवर झोपायची? दारावरची बेल वाजली की कान पुढे जायचे की मागे? माणसं लगेच सांगू लागतात, हातवारे करून. त्यातून चित्राची बैठक मिळते.

या सगळ्यात मला पुरून उरला तो आटपाडीकडचा एक शेतकरी. त्याला त्याच्या खिल्लार बैलाचं चित्र हवं होतं. बैल नुकताच गेलेला. फोटो होता मोबाइलवरचा, आणि त्यात नेमकी शिंगं चौकटीबाहेर. खिल्लार शिंगांशिवाय काढणं म्हणजे दर्यातला गलबताचा फोटो शिडाशिवाय. मी इकडून तिकडून इतर खिल्लारांचे संदर्भ गोळा केले आणि कच्चं रेखाटन पाठवलं. लगेच फोन.

‘ताई, ही शिंगं कुणाची?’

‘खिल्लारचीच आहेत की.’

‘खिल्लारची आहेत, आमच्या राजाची न्हाईत. बुडाला लई लांब-लांब घेतलीत तुमी. जवळ घ्या. मग माघारी न्या, कपाळाच्या रेघंतच, आन् मग वर उचला. आन् डावं टोक जरा आत हाय बघा.’

मी केलं. मग वशिंडावरून फोन. मग गळ्याखालच्या पोळीवरून, ती फार लोंबती झाली होती. ‘ही गीर गाईची झाली’ असा निकाल मिळाला. मग कपाळाच्या मधोमध असते ती खोलगट पन्हळ. चित्रकलेच्या कुठल्याही वर्गात माझ्या रेघेकडे एवढ्या बारकाईने कुणी बघितलेलं नाही. शेवटी एका पाठवणीनंतर फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पैसे आले, आणि मेसेज: ‘झाला.’ पुढे बेंदराच्या सुमारास त्याने एक फोटो पाठवला. गावच्या चौकात फ्लेक्स, मधोमध माझा राजा, कडेने शुभेच्छुकांची पासपोर्ट साइझ तोंडं आणि कोपऱ्यात कुठल्याशा पशुखाद्याची जाहिरात. माझं नाव कुठेच नाही. परवानगी विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता, बैल त्याचा होता. कायद्याने पाहिलं तर चित्रकाराचं नाव हवं वगैरे काही बोलता आलं असतं. मी तो फोटो घरच्या सगळ्यांना पाठवला.

इथेच डिजिटल चित्राचा स्वभाव लक्षात येतो. त्याला मूळ प्रत नसते. कॅनव्हासचं चित्र एकाच भिंतीवर असतं, बाकी सगळ्या नकला. माझी फाईल मात्र आटपाडीच्या चौकात आहे तेवढीच माझ्या लॅपटॉपवर आहे. सुरुवातीला बरेच चित्रकार ही कमतरता समजतात आणि चित्राच्या तोंडावरच भलामोठा वॉटरमार्क चोपडतात, जणू जनावरावर कुणी जप्तीचा शिक्का मारलाय. मला ते पटत नाही. सही असते, पण ती चित्राच्या अंगात: शेकरूच्या फांदीच्या सालीत, म्हशीच्या डबक्याच्या तरंगात. काढायची तर चित्र फाडावं लागेल अशी.

वाटण्याचे माझे तीन रस्ते आहेत. स्टिकरं आणि लहान आकाराची चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सोडून देते. त्याचा मराठी मथितार्थ इतकाच, की नाव द्या, धंदा करू नका. शाळांसाठी वेगळी पानं करते, नुसत्या रेघांची, रंग भरायला. त्यात करड्या छटा अजिबात ठेवत नाही, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत हे पान झेरॉक्सवरच जाणार आणि झेरॉक्सच्या मशीनला करडा कळत नाही, ते त्याचा चिखल करतं. रेघ जाड, बंद आकार, खाली प्राण्याचं नाव, बस. (पोरं शेकरू हिरवं रंगवतात. रंगवू देत, त्यांनी काही सॅच्युरेशनचा काटा फिरवलेला नसतो.) आणि ज्याला माझ्या चित्रातून पैसे कमवायचे आहेत, म्हणजे कॅलेंडर, मग, कापड, रिसॉर्टच्या भिंती, त्याने माझ्याकडून परवाना विकत घ्यायचा. यात मी भिडस्तपणा करत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःहून चित्र काढलं की त्या क्षणी हक्क चित्रकाराचा होतो, कुठे नोंदणी केली नाही तरी. आणि तो हयातभर अधिक साठ वर्षं टिकतो. हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, कारण ‘गूगलवर मिळालं’ हा आपल्याकडे मालकीचा पुरावा मानला जातो. एका टी-शर्टवाल्याने माझं घुबड उचललं होतं, सही खरवडून. तक्रार केली, माल उतरला, दिलगिरी आली नाही. ठीक आहे. त्यात वर्षभर जीव आटवण्यापेक्षा दुसरं घुबड काढून होतं.

आणखी एक गोष्ट मी कधीच देत नाही, पैसे घेऊनही: जागा. खवले मांजराचं चित्र टाकलं की कुणीतरी गोड शब्दांत विचारतंच, कुठे बघितलंत? कोकणात, एवढंच उत्तर. तालुका नाही, गाव नाही. जगात सर्वाधिक तस्करी होणाऱ्या सस्तन प्राण्यांत याचा नंबर अगदी वर लागतो. २०१६मध्ये सगळ्या खवले मांजरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली, तरी खवल्यांना गिऱ्हाईक आहे. फोटोच्या फाईलमध्ये जागेचे आकडे चिकटलेले असतात हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. चित्रात ते नसतात, पण पार्श्वभूमीला ओळखीचं देऊळ किंवा डोंगराचा सुळका काढला की तेच झालं. म्हणून माझ्या खवले मांजराच्या मागे नेहमी नुसती रात्र असते. धनेशाच्या ढोलीचं झाडही मी मुद्दाम बदलून काढते. ओळख प्राण्याची पटावी, पत्त्याची नव्हे.

छपाईविषयी थोडंच. खंड्याचा निळा छापून येत नाही. त्याच्या पिसांत निळा रंगकण मुळात नसतोच. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परततो तो आपल्याला निळा दिसतो. स्क्रीनही उजेडच फेकते, त्यामुळे तिथे खंड्या मजेत असतो. शाई मात्र उजेड गिळते. प्रेसमधून प्रूफ आलं की तोच पक्षी शाळेच्या युनिफॉर्मच्या निळ्यात येऊन बसतो. प्रेसवाले काका म्हणतात, ‘मॅडम, मशीनचा दोष नाही.’ नाहीच आहे. मी खंड्या छापतच नाही. ज्याला हवा त्याने स्क्रीनवर बघावा, नाहीतर सरळ ओढ्यावर जावं.

आता तो दुसरा नियम, फोटो न वाटण्याचा. काही वर्षांपूर्वीपर्यंत ‘अगदी फोटोसारखं!’ ही दाद होती आणि मीही ती खुशीत घेत असे. आता ती ऐकली की मी चित्र पुन्हा उघडते. एआयचे बिबटे गावोगावच्या ग्रुपांवर हिंडू लागलेत: सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शाळेच्या कुंपणावर, रात्रीच्या चौकात. नीट बघितलं तर यांतल्या कित्येकांच्या अंगावरची फुलं बिबट्याची नसतातच. काळ्या कड्याच्या आत पुन्हा ठिपका असतो, जो दक्षिण अमेरिकेतल्या जग्वारला शोभतो. पण रात्री अकराला मेसेज वाचून मुलांना आत ओढणारी आई कड्यातला ठिपका बघत बसत नाही. जुन्नरच्या उसात जिथे खरे बिबटे आहेत, तिथे हा खेळ माणसांच्याही जिवावर बेतू शकतो आणि बिबट्याच्याही. अशा दिवसांत आपल्या चित्राने फोटोचं सोंग घेऊ नये, इतकं तरी आपल्या हातात आहे. म्हणून मी ब्रशचे फटकारे पुसत नाही. बिबट्याच्या पाठीवर रेघ उघडी ठेवते, कडेचा रंग हद्दीबाहेर सांडू देते. पण कड्याच्या आत ठिपका? तो नाही.

चित्र खरं की खोटं हा घोर नवा नाही म्हणा. १६२१मध्ये जहांगीरच्या दरबारात झेब्रा आला. बादशहाने आठवणींत लिहून ठेवलंय, की लोकांना वाटलं याला कुणीतरी पट्टे रंगवलेत. नीट तपासलं तेव्हा खात्री पटली. मग दरबारातल्या उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मला त्या चित्रापेक्षाही तो क्रम आवडतो: आधी तपासणी, मग चित्र.

सध्या माळावर आहे, म्हणजे कामाने. सुपे-सासवडकडच्या माळरानातल्या प्राण्यांचा स्टिकरांचा संच चाललाय: चिंकारा, धाविक नावाचा माळावरचा पक्षी, सरडा, खोकड म्हणजे आपला कोल्हा आणि लांडगा. लांडग्याने नाकी नऊ आणले. संदर्भ म्हणून काहीही शोधा, बर्फातला, आयाळीसारख्या दाट केसांचा, निळ्या डोळ्यांचा लांडगा समोर येतो. सॉफ्टवेअरमधले केसांचे तयार ब्रशसुद्धा त्याच बेताचे. आपला लांडगा सडपातळ, लांब पायांचा, आखूड केसांचा, वाळल्या गवताच्या रंगाचा. पहिल्या नजरेत कुणी त्याला भटकं कुत्रंच समजेल. रेखाटन मी एका मेंढपाळ काकांना पाठवलं. त्यांचं अख्खं आयुष्य त्याच्यावर नजर ठेवण्यात गेलंय. त्यांनी कान मोठे करायला लावले, मान खाली करायला लावली, ‘तो असा ताठ मानंनं येत न्हाई, वाऱ्याचा वास घेत येतो.’ आणि मग रागावलेच. आमची मेंढरं खातो आणि तुम्ही त्याचं स्टिकर करता? मी म्हटलं, बरं, मग कुत्रंही काढते, तुमचं. कुत्र्यासाठी त्यांनी भरपूर फोटो पाठवले, सगळे नीट, चांगल्या उजेडातले.

संच तयार झाल्यावर सगळ्यात आधी त्यांनाच पाठवला. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाकडून कळलं की कुत्र्याला त्यांनी अजून हात लावलेला नाही. मेव्हण्याने ‘रविवारी जेवायला येतोय’ असं कळवलं, त्याच्याखाली काकांनी लांडगा टाकला.